चार मोजेपर्यंत

गुरुवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर दुर्गाबाईंनी लुगड्यांची ट्रंक उघडली, ती दिवेलागण होत आली तरी मिटली नाही. माजघरातल्या जाजमावर लुगड्यांचा ढीग पडला. हिरवं उलगडलं, ठेवलं. अंजिरी उलगडलं, ठेवलं. डाळिंबी खांद्यावर टाकून आरशापुढे गेल्या, नाक मुरडून परत आल्या आणि पुन्हा हिरवंच उचललं. खरं सांगायचं तर हा सगळा देखावा होता. काय नेसायचं ते बाईंनी आठ दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. पण ठरवलेलं एकदम सांगून टाकलं तर त्यावर कोणीतरी बोलणार, आणि ते कोणीतरी म्हणजे कोण, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फसली तेराशे चाळीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीस-एकतीस. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची, म्हणून जालन्याच्या अदालतीत वकिली करणाऱ्या गिरिधररावांनी फोटोसाठी शुक्रवारच धरला होता. त्यांची एकुलती एक मुलगी शरयू, पंधरा वर्षांची. परतूरजवळच्या आष्टीला एका वतनदाराच्या घरी तिचं जमलं होतं. तिकडची पुरुषमंडळी येऊन मुलगी पाहून गेली, पण होणाऱ्या विहीणबाई, सगुणाबाई, गुडघ्यांनी अधू. त्यांनी निरोप धाडला, की मला काही तिथवर येणं होत नाही. तर मुलीचा आणि घरातल्या सगळ्यांचा एक फोटो काढून पाठवा, म्हणजे मी घरबसल्या सगळ्यांना पाहीन. त्याच सुमाराला तालुकदारसाहेबांच्या निरोपाच्या समारंभासाठी हैदराबादहून हुसेनमियां फोटोवाले तीन दिवस जालन्यात उतरले होते. गिरिधररावांनी त्यांना मुसाफिरांच्या सराईत जाऊन गाठलं आणि शुक्रवारची सकाळ ठरवून टाकली.

दुर्गाबाईंना ह्या फोटोतून एकच गोष्ट हवी होती. पाहणाऱ्यानं पाहताक्षणी म्हणावं, ही मुलीची आई.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मुलीच्या आईला मुलीची आई नाही तर काय म्हणणार? पण ह्या घरात ते इतकं सोपं नव्हतं. शरयू झाली आणि दुर्गाबाईंना बाळंतरोग जडला. त्यांना अंबडला माहेरी नेऊन ठेवलं. आज बरं वाटेल, उद्या बरं वाटेल, असं करता करता तीन वर्षं गेली. मूल इकडे जालन्याला, गिरिधररावांच्या थोरल्या बहिणीजवळ. तुळजाबाई त्यांचं नाव. चौदाव्या वर्षी नवरा गेला, डोक्यावरचे केस गेले, अंगावर तांबडं आलवण आलं आणि त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. त्यांनीच पोर वाढवली. दुर्गाबाई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा तीन वर्षांची शरयू त्या तांबड्या पदराआड लपली आणि म्हणाली, "ही कोण?"

पुढे ओळख झाली, लळाही लागला, पण हाक काही बदलली नाही. धाकटा दीर नरहर तेव्हा शिकायला घरी होता. तो "वैनी" म्हणायचा म्हणून पोरही आईला "वैनी" म्हणू लागली. आणि "आई" म्हणजे तुळजाबाई. असं पुष्कळ घरांत असतं, त्याचं कोणी मनाला लावून घेत नाही. दुर्गाबाईंनी मात्र बारा वर्षं लावून घेतलं होतं. बोलणार कुणापाशी? ज्या बाईनं आपलं मूल जगवलं तिच्यावर जळायचं, म्हणजे स्वतःलाच शरम. म्हणून त्या गप्प राहत आणि भांडी जरा जोरात आपटत.

तुळजाबाईंना लुगड्यातलं फार कळे. स्वतःची दोन आलवणं, एक अंगावर आणि एक वळणीवर. पण दारावर कापडवाला आला की दोन बोटांत पोत धरून बघत आणि "हे ठेव, ते ने" म्हणून मोकळ्या होत. दुर्गाबाईंच्या ट्रंकेतली अकरा लुगडी त्यांनी निवडलेली होती, आणि एकही चुकलेलं नव्हतं, हे तर आणखीच वाईट. बारावं तेवढं त्यांचं नव्हतं. आभाळी निळं रेशीम, त्याला रुपेरी जरीचा बारीक काठ. गिरिधरराव एकदा मुकदम्यासाठी हैदराबादेला गेले होते, तेव्हा पत्थरगट्टीच्या बाजारातून कुणाला न विचारता त्यांनी ते बायकोसाठी आणलं होतं. बिचाऱ्यांनी आपणहून बायकोसाठी केलेलं असं हे एकच काम. दुर्गाबाई ते तीन वर्षांत दोनदा नेसल्या होत्या. ते ट्रंकेच्या तळाशी होतं, आणि उद्या तेच नेसायचं होतं.

ऊन उतरता उतरता हुसेनमियां अंगणातला उजेड बघायला आले. घरच्या सुना-लेकी एरवी परक्या पुरुषापुढे जात नसत. तुळजाबाईंना ती आडकाठी नव्हती. सोवळ्या बाईकडे कोण बघतो? त्यांनी ओसरीवरून मियांना चार प्रश्न विचारले. भिंत कोणती, ऊन कधी येतं, खुर्च्या किती, आणि कपडे कसे असावेत.

"कपड्यांचंच सांगतो बीबी," मियां म्हणाले, "काच की आँख अलग. लाल कपडा काला आता, पीला बी काला. और आसमानी निला पहने तो एकदम सफेद. बाद में बोलना नक्को, मियां पहले बोले नईं करके."

तुळजाबाई आत आल्या त्या हेच घेऊन.

"दुर्गा, निळं नको नेसू. पांढरंफट्ट येतं म्हणून राह्यला तो."

दुर्गाबाईंचे हात ढिगातच थांबले. "मी कुठं निळं काढलंय?"

"काढलं न्हाईस. पण तळाशी हात घालून तीनदा चाचपलंस."

चोरी पकडली गेल्यावर माणूस चोराहून मोठ्यानं ओरडतो. "निळं कधी पांढरं दिसतं का? इतकी वर्षं डोळे उघडे ठेवूनच जगून राह्यले ना मी!"

"डोळ्याला न्हाई गं, त्याच्या काचेला. तांबडं म्हणे काळं येतं. तू आपलं डाळिंबी नेस. गडद येईल, उठून दिसशील."

डाळिंबी त्यांनीच निवडलेलं. दुर्गाबाईंच्या मनात एकदम सगळं जुळलं, आणि साफ चुकीचं जुळलं. एवढं एक लुगडं माझं स्वतःचं, तेही ह्यांना बघवेना. फोटोवाल्याचं नाव पुढं करून ह्यांना मला आपल्या हातचंच नेसवायचंय.

"तांबडं नेसू?" त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं?"

बोलून गेल्या खऱ्या. सुवासिनीनं सोवळ्या बाईला तोंडावर असं बोलू नये, हे काय दुर्गाबाईंना कळत नव्हतं? जीभ चावली, पण शब्द काही माघारी घेतला नाही. तुळजाबाईंनी डाळिंबी लुगड्याची घडी केली, काठाला काठ जुळवून, आणि ट्रंकेत ठेवली.

तेवढ्यात गिरिधरराव आत आले. अंगात शेरवानी, हातात पगडी. "शेरवानीवर पगडी बराबर दिसंल का? का रुमी टोपीच असू द्यावी?" अदालतीत भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस दोन बायकांच्या मधोमध पगडी घेऊन उभा राहिला. मग तो शेरवानीची बटणं काढत काढत बाहेर गेला.

"शरयू, तू काय नेसतीस गं?" दुर्गाबाईंनी आवाज जरा गोड करून विचारलं. "अंजिरी नेस. माझ्याशेजारी छान दिसंल."

शरयू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "मी? आई सांगंल ते," ती म्हणाली.

रात्री झोप कशी लागली ते विचारू नका. दुर्गाबाई ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून निळं नेसून तयार झाल्या. केसांत दोन वेण्या माळल्या, एक काढली, पुन्हा माळली. नथ घातली. कुंकू तीनदा पुसून तीनदा लावलं. एकदा मोठं वाटलं, एकदा वाकडं. तुळजाबाई शरयूला फिकट हिरवं नेसवत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा निळ्याकडे पाहिलं. दुर्गाबाई वाट बघत होत्या, की आता बोलतील, आता बोलतील. तुळजाबाई एवढंच म्हणाल्या, "मागची निरी सुटलीय, थांब," आणि खाली बसून त्यांनी ती नीट केली.

तुळजाबाई स्वतः फोटोत असणार, असं कोणाच्या मनात नव्हतं. लग्नघरचा फोटो, सोयऱ्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लागणार. त्यात सोवळ्या बाईनं उभं राहायचं नसतं. हे कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी बोललंही नव्हतं, ते तसंच असतं. दुर्गाबाईंना ह्या रीतीचं मनातून बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली होती. पण लाज काय, ती फोटोत येत नाही.

अंगणात भिंतीला सतरंजी टांगली. पुढे दोन खुर्च्या, मध्ये एक चौरंग. उजव्या खुर्चीवर शेरवानी-पगडीतले गिरिधरराव, डाव्या खुर्चीवर दुर्गाबाई, चौरंगावर शरयू. तीन पायांवर उभी असलेली पेटी, तिच्यामागे काळ्या कापडात शिरलेले हुसेनमियां. तुळजाबाईंनी दोनदा येऊन शरयूचा पदर सारखा केला आणि आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

दुर्गाबाई ताठ बसल्या. लेक आपल्या गुडघ्याला टेकून बसली आहे, आपल्या अंगावर आपलं निळं आहे. झालं, एवढंच तर हवं होतं. आता जल्दी व्हावं, मधे काही येऊ नये.

शरयू उभी राहिली. "आई कुठंय?"

"शरयू, खाली बैस," गिरिधरराव हळूच म्हणाले. "असं न्हाई करत, बेटा."

"घरातल्या सगळ्यांचा फोटो पाठवा म्हणल्या ना त्या? मंग?" पोर काही बसेना. "आई न्हाई तर मी बी न्हाई. नुस्त्या खुर्च्यांचा काढा."

मियां कापडातून बाहेर आले आणि दाढी खाजवत आभाळाकडे बघू लागले. गिरिधरराव बायकोकडे बघू लागले. जन्मभर दुसऱ्यांसाठी भांडून पोट भरणाऱ्या माणसाची घरात अशी गत. निकाल नेहमी बायकोनं द्यायचा. आता दुर्गाबाईंनी नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी भागलं असतं. रीत त्यांच्या बाजूची होती. पण लेक महिना-दोन महिन्यांत जाणार, आणि जाताना तिच्या मनात हे "न्हाई" राहणार. मोठ्या मनानं नव्हे, त्या धाकानं दुर्गाबाई म्हणाल्या, "या वन्सं. उभ्या राहा मागं. चला, ऊन सरकून राह्यलंय."

उंबऱ्यापाशी तुळजाबाई जागच्या हालल्या नाहीत. मग आल्या. पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला, इतका की कपाळ म्हणून काही दिसेना, आणि शरयूच्या मागे उभ्या राहिल्या.

"कोई हिलना नक्को," मियां म्हणाले. "मैं चार गिनता. चार तक सांस बी रोको."

दुर्गाबाईंच्या मांडीवर त्यांचे हात एकमेकांना पिळत होते. "हात!" गिरिधरराव ओठ न हलवता म्हणाले. दुर्गाबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला आणि हात, पाटल्या-बांगड्यांसकट, आत दडवले. मियांनी पेटीच्या डोळ्यावरचं झाकण काढलं.

"एक."

दुर्गाबाई त्या काळ्या भोकात बघत होत्या.

"दो."

गुडघ्याला टेकलेला शरयूचा दंड जरासा मागे झाला. फार नाही, बोटभर. थकलेलं मूल ओळखीच्या माणसावर रेलतं, तेवढाच.

"तीन."

कशावर रेलली? दुर्गाबाईंनी मान वळवली. शरयूच्या खांद्यावर तांबड्या पदराखालून आलेली चार बोटं होती.

"चार." झाकण बसलं. मियांनी सगळ्यांकडे पाहिलं. "कोई हिले तो नईं?"

"न्हाई," सगळ्यांच्या आधी दुर्गाबाई म्हणाल्या. "कोणीच न्हाई हाललं."

मियां हैदराबादला गेले. काचा धुऊन, फोटो छापून दोन्ही प्रती ते थेट आष्टीच्या पत्त्यावर पाठवणार होते. विहीणबाईंना घाई, शिवाय साखरपुड्याची साखर घेऊन तिकडचा माणूस येणारच होता, तो एक प्रत इकडे आणून देईल. दुर्गाबाईंचे ते वीस दिवस कसे गेले, ते त्यांनाच ठाऊक. टपालवाला गल्लीत शिरला की हातातलं टाकून दारापर्यंत जात आणि त्याचा आपल्याशी काही संबंध नाही हे आठवून परत येत. फोटो बरा आला असेल. आपण काही फार हाललो नाही. निळं निळंच दिसतं, काचेला काय वेगळे डोळे असतात? भाजीत एकदा मीठ पडलंच नाही, एकदा दोनदा पडलं. तुळजाबाई त्यावर ताक वाढत.

विसाव्या दिवशी दुपारी बद्रीनाथ आला. आष्टीकरांचा जुना माणूस. डोईला मुंडासं, काखेत बोचकं. परतूरहून गाडीनं आला होता. गिरिधरराव अदालतीत. ओसरीवर त्याला गूळपाणी दिलं आणि त्यानं बोचकं आत पाठवलं. साखरेची पुडी, शरयूला शालू, कागदात गुंडाळलेली आणखी दोन लुगडी, पुठ्ठ्याचं पाकीट आणि चिठ्ठी.

"आधी चिठ्ठी वाचा म्हणल्यात बाईसाहेब," तो बाहेरून ओरडला. "अन् लुगडं पसंत पडलं का ते इचारूनच ये म्हणल्यात."

दुर्गाबाई पाकिटाला हात घालणार होत्या, पण रीत ती रीत. "वाच गं," त्या शरयूला म्हणाल्या. तुळजाबाई खांबाला टेकून बसल्या. शरयू वाचू लागली.

"सौभाग्यवती विहीणबाई दुर्गाबाई यांस सगुणाबाईंचा नमस्कार. फोटो पावला. मुलगी पसंत आहेच. पण मला खरं पाहायचं होतं ते तुम्हाला. मुलीच्या पाठीशी उभ्या आहात, बोटं तिच्या खांद्यावर आहेत, ते पाहून जीव भरून आला. लेक द्यायला निघालेल्या आईचं तोंड मला ओळखू येतं, मीही तीन लेकी दिल्या. तुम्हाला चंद्रकळा शोभते, म्हणून चंद्रकळाच धाडली आहे. वकीलसाहेबांच्या शेजारी पांढऱ्यात बसलेल्या त्यांच्या सोवळ्या भगिनी, त्यांची मूर्ती पुसट आली आहे, तरी त्यांनाही मानाचं एक आलवण..."

शरयू थांबली.

लुगड्यांवरचा कागद सुटला होता. वरचं लुगडं काळंभोर, तांबड्या काठाचं. खालचं आलवण, नवंकोरं, आणि ते दुर्गाबाईंच्या मांडीवर पडलं होतं. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, आणि मांडीवर आलवण! ओरडायचीही सोय नव्हती, ओसरीवर सोयऱ्यांचा माणूस बसला होता.

त्यांच्या आधी तुळजाबाई उठल्या. त्यांनी ते आलवण झटकन उचलून आपल्या काखेत दाबलं. "हे माझं. चुकलंय त्यांचं. शरयू, करंडा आण, वैनीला कुंकू लाव आधी. जल्दी." पोर धावली. करंडा आला, शरयूनं घाईघाईनं दुर्गाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, ते थोडं नाकावर सांडलं. "झालं," तुळजाबाई म्हणाल्या. "काही होत न्हाई. कापड आहे ते."

दुर्गाबाईंनी पाकीट फाडून फोटो काढला.

गिरिधरराव छान आले होते. शरयू छान आली होती. तिच्या मागे काळी चंद्रकळा नेसलेली एक बाई स्वच्छ, स्थिर उभी होती. पदर भुवयांपर्यंत, डोळे समोर, चार बोटं लेकीच्या खांद्यावर. आणि डाव्या खुर्चीवर पांढऱ्या कपड्यात कोणीतरी होतं. निळं पांढरंफट्ट आलं होतं, काठाची रुपेरी जर त्यातच विरली होती. ना हात, ना पाटल्या. मानेवर धूर. ना नथ, ना कुंकू. तीन ह्या आकड्याला आपण मान वळवली होती, त्याचा तो धूर होता.

"मुद्दाम केलंत!" दुर्गाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक होतं तांबडं काळं येतं. म्हणून उभ्या राहिलात!"

"ठाऊक होतं," तुळजाबाई म्हणाल्या. "तुला बी सांगितल्तं."

खरंच सांगितलं होतं. दोनदा. डाळिंबी नेस, उठून दिसशील. आणि आपण काय म्हणालो होतो, तेही दुर्गाबाईंना जसंच्या तसं आठवलं. आणखीही एक आठवलं, ते त्यांनी कुणाला कधीच सांगितलं नसतं. चार मोजेपर्यंत त्या बाईनं पापणी हलवली नाही. आणि आपण, आईच्या खुर्चीवर बसून, लेकीकडे बघितलंच नाही. बोटं मोजली. इतक्या लांब बसलेल्या, कधी न पाहिलेल्या बाईनं फोटो हातात घेतला आणि आई कोण ते बरोबर ओळखलं. रडू आलं, आणि राग गेला तरी रडू थांबेना.

तुळजाबाईंनी काळी चंद्रकळा दुर्गाबाईंच्या पुढ्यात सरकवली. "पूस डोळे. माणूस खोळंबलाय. नेस अन् दारातून दाखव त्याला. सौभाग्याचं लेणं आहे, असं ठेवू नये."

"पसंत पडलं का हो?" बद्रीनाथ बाहेरून म्हणाला. "मला चारची गाडी धरायचीय."

दुर्गाबाईंनी लुगडं हातात घेतलं. कोरं कापड, कडक घडी. नव्या लुगड्याची घडी कुणाकडून मोडून घ्यायची, ह्याचा बायका किती विचार करतात! लेकुरवाळी बघायची, भरल्या हातांची बघायची, जिचं आपल्याला यावं अशी बघायची. दुर्गाबाई उठल्या आणि ते लुगडं त्यांनी तुळजाबाईंच्या पुढे धरलं.

"वन्सं, घडी तुम्ही मोडा."

तुळजाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "येडी का खुळी? माझ्या हातानं? तुझ्या सौभाग्याच्या लुगड्याची?"

"त्यांनी आईला धाडलंय," दुर्गाबाई म्हणाल्या. "चिठ्ठीत तसं लिवलंय."

"दुर्गा, लोक काय म्हणतील..."

"लोक बाहेर गूळपाणी पिऊन राह्यलेत. धरा."

पाठीमागचे हात बराच वेळ पुढे आले नाहीत. मग आले. काखेतलं आलवण खाली पडलं. तुळजाबाईंनी घडीच्या कडेला दोन बोटं लावली, सवयीनं आधी पोत बघितलं, आणि मग घडी सोडली. काळं कापड झुळझुळत जमिनीपर्यंत गेलं. चौदाव्या वर्षानंतर त्यांनी दुसऱ्यांसाठी किती लुगडी उलगडली असतील, त्याला गणती नाही. पण हे त्यांनी उलगडलं आणि तसंच हातात धरून उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना.

दुर्गाबाईंनी ते उचलून त्यांच्या खांद्यावर टाकलं, तांबड्या आलवणावरून, आणि खांद्याला धरून त्यांना आरशाकडे वळवलं.

"हालू नका," त्या म्हणाल्या.

शरयू करंडा हातात घेऊन उभी होती. "आई," ती म्हणाली. दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. आरशातल्या त्या काळ्या लुगड्यातल्या बाईकडे बघत त्या मनात मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार. चारला थांबायचं होतं. त्या मोजत राहिल्या.